निळ्या कॅन्युलांचा डबा परत मिळण्याबाबत

मी, रुग्णालयात आणि आसपासच्या गल्ल्यांत 'मोठ्या सिस्टर' म्हणून ओळखली जाणारी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा – निवृत्त मेट्रन (हवालदारांनी आधी 'गृहिणी' लिहिलं होतं, घर आहे, पण गृहिणी म्हणवून घेण्याइतकं मी त्याच्याकडे कधी पाहिलं नाही, म्हणून खोडायला लावलं), राहणार बेकरीच्या वरचा मजला, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानासमोर, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

शाळेत शिवणाच्या तासाला मी आणि या प्रकरणातली पेशंट एका बाकावर बसत असू. शाळा नन्सची होती. शिवणाच्या मदर सुयांचा डबा फिरवायच्या आणि ज्या मुलीच्या हाताला जी सुई लागेल ती तिची. एकदा मलमलीचा रुमाल करायचा होता आणि पेशंटच्या हाताला रफूची जाड सुई लागली. प्रत्येक टाक्याला रुमालात भोक पडायला लागलं. ती रडली नाही. भोकांतून माझ्याकडे बघून हसली. मी माझी बारीक सुई तिला दिली आणि तिची जाड सुई घेतली. मदरनी ते पाहिलं. आम्हाला वाटलं, आता उभं करणार. पण त्या सगळ्या वर्गाला म्हणाल्या, "आजपासून आधी कापड हातात घेऊन बघायचं आणि मग सुई मागायची." त्यानंतर डबा फिरला नाही. आम्हीच उठून डब्याकडे जायला लागलो.

हवालदार म्हणाले, "बाई, गुन्हा आज सकाळचा आहे. तुम्ही शाळेतून निघालात तर रुग्णालयात पोचणार कधी?"

मी म्हटलं, "सुयांचा गुन्हा आहे ना? मग सुईपासूनच सांगते."

ते त्यांनी लिहिलं नाही. मी लिहायला लावलं.

विचारल्यावरून सांगते की पेशंट माझी कोणी लागत नाही. शाळेत तिला चिमणी म्हणत आणि मला ढब्बू. ती अजूनही चिमणीच आहे. मी आता मेट्रनच्या पेन्शनवर बरीच वाळले आहे, पण ती मला ढब्बेच म्हणते. तिने जन्मभर मुलांना भूगोल शिकवला आणि लग्न केलं नाही. भाचा परदेशात असतो. तो रोज फोन करून "मावशी, पाणी भरपूर पी" असं सांगतो. इथल्या कागदावर नात्याच्या रकान्यात आई, बहीण, पत्नी, शेजारी एवढेच पर्याय आहेत. हवालदारांनी 'शेजारी' वर खूण केली. ती माझ्या शेजारी बसायची हे खरं असल्यामुळे मी हरकत घेतली नाही.

रुग्णालयाच्या खरेदी समितीवर मी आहे. निवृत्त झाल्यावर मला शाल दिली आणि समितीवर घेतलं. दोन्हीचा उपयोग अंगावर पांघरण्यापुरताच होईल अशी देणाऱ्यांची अपेक्षा होती. नवे व्यवस्थापक आधी मोठ्या हॉटेलात होते. माणूस वाईट नाही. दार उघडून धरतो, वाकून नमस्कार करतो, कुणाच्या घरी काही झालं तर आठवणीने फुलं पाठवतो. पेशंटला 'पेशंट' म्हणायचं नाही, 'पाहुणे' म्हणायचं, हा त्यांचा पहिला हुकूम. वॉर्डातले लोक अजून सरावलेले नाहीत. परवा जिन्यावरून एकजण ओरडून विचारत होता, "सातव्या खाटेवरच्या पाहुण्यांना एनिमा दिला का?"

समितीच्या बैठकीत टेबलावर कॅन्युलांचा ट्रे मांडला होता. ठाण्याच्या साहेबांच्या माहितीसाठी सांगते की कॅन्युला म्हणजे शिरेत ठेवायची बारीक, मऊ नळी. सुई तिला आत नेऊन सोडते आणि स्वतः बाहेर येते. नळी आत राहते आणि तिच्यातून सलाईन, औषध, रक्त जातं. तिच्या टोकाला रंग असतो. ट्रेमध्ये करडी, हिरवी, गुलाबी, निळी, पिवळी, सगळ्या होत्या.

व्यवस्थापक म्हणाले, "हा काय रंगांचा बाजार आहे? आपला रंग गुलाबी. पडदे गुलाबी, चादरी गुलाबी, स्वागतकक्षातल्या मुलींचे ड्रेस गुलाबी. हे एकटंच का जत्रेतल्यासारखं?"

मी सांगितलं की हा रंग शोभेचा नाही. तो जाडीचा आहे. अपघातातल्या माणसाला भराभर रक्त चढवायचं तर करडी किंवा हिरवी लागते. धडधाकट माणसाला गुलाबी चालते. म्हाताऱ्या, अशक्त माणसांच्या शिरा बारीक असतात, त्यांना निळी. लहान मुलांना आणि अगदीच नाजूक शिरांना पिवळी. नळी शिरेपेक्षा बारीक हवी, म्हणजे तिच्या बाजूने रक्त वाहत राहतं आणि शीर दुखावत नाही. काम भागेल त्यातली सगळ्यात बारीक घ्यायची, एवढाच नियम आहे.

व्यवस्थापकांनी दोन पाकिटं उचलून जवळ धरली. "मॅडम, गुलाबीवर वीस लिहिलंय. निळीवर बावीस. म्हणजे गुलाबीच बारीक! तुमच्या वयस्कर पाहुण्यांसाठी मी उलट दोन नंबर खाली उतरतोय."

मी म्हटलं, "नंबर जितका लहान, तितकी सुई जाड."

ते इतकं गोड हसले की मला वाटलं, माझ्या ताटात काही कमी पडलं असावं. "असं कसं असेल हो? मॅडमना जरा चहा द्या."

मोठे सर्जन माझ्या समोरच बसले होते. त्यांना हे माहीत नसतं तर मी त्यांच्या हातात चाकू दिला नसता. ते छताकडे बघत होते. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "गुलाबी रंग धुतल्यावर जाणार नाही ना?" मी म्हटलं, हे एकदा वापरून टाकून द्यायचं असतं, धुवायचं नसतं. त्या म्हणाल्या, "अरेरे, इतकं छान!" मग हात वर करायला सांगितलं. माझ्या हातात चहाचा कप होता आणि तो तोंडाशी असल्यामुळे फक्त गुलाबी कॅन्युला घ्यायचा ठराव एकमताने मंजूर झाला.

बाहेर लिफ्टपाशी सर्जन हळूच म्हणाले, "सिस्टर, तुमचं बरोबर होतं. पण माझ्या थिएटरचे दिवे त्याच माणसाच्या सहीने यायचेत. एकदा दिवे येऊ द्या."

मी म्हटलं, "येऊ द्या. अंधार खूप आहे."

त्यानंतर आणखी दोन सुधारणा झाल्या. सलाईनची बाटली बघून पाहुण्यांना आजारी असल्यासारखं वाटतं, म्हणून बाटल्यांना गुलाबी कापडाची झालर लावलेली झबली शिवून घेतली. आणि कॅन्युलावर जी पारदर्शक पट्टी लावतात, तिच्याऐवजी रुग्णालयाचं फूल छापलेली गुलाबी पट्टी आली. बाटलीत किती उरलं हे झबल्याखाली दिसत नाही. शीर लाल झाली का, हात सुजला का, हे फुलाखाली दिसत नाही. पाहुणे मात्र खूश होते. भेटीला येणारे फोटो काढत.

आता आजच्या घटनेबद्दल सांगते.

चिमणीच्या मूत्रपिंडातला संसर्ग रक्तात उतरला म्हणून तिला दाखल केलं आहे. औषध शिरेतूनच द्यायचं आहे आणि एकही वेळ चुकवायची नाही, असं वॉर्डाच्या डॉक्टरांनी मला बजावलं. सकाळी मी भेटीच्या वेळेत गेले. किती वाजले होते ते सांगता येणार नाही. नाडी मोजायची नसेल तर मी घड्याळ बघत नाही.

तिच्या दोन्ही हातांवर कापसाचे बोळे चिकटवलेले होते. कोपरात फूल होतं आणि फुलाखालून औषध चालू होतं.

"ये ढब्बे," ती म्हणाली. "बघ, मला किती पदकं मिळाली."

मी हात हातात घेतला. कोपराच्या खालचा भाग ताणलेला, गार आणि चकाकत होता. मी विचारलं, "दुखतंय?"

"चुरचुरतंय. पण इथे पाहुण्यांनी तक्रार करायची नाही, नाहीतर ते फुलं पाठवतात. कालची अजून तिथेच आहेत, बघ."

लांब वेणीची सिस्टर त्या वॉर्डाला आहे. मी तिला बोलावलं. तिने आधी सलाईनचं चाक फिरवून ठिबकणं बंद केलं, मग पट्टी काढली. नळी शिरेतून सरकली होती आणि औषध मांसात जात होतं. किती वेळ, ते फुलालाच माहीत. सिस्टरने नळी काढली, हात उशीवर उंच ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोठ्या सिस्टर, मी तीनदा स्टोअरला सांगितलं. निळी एक तरी द्या. ते म्हणतात, आपल्या रंगात बसत नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी तिला रागावले नाही. मी शिकवलेली मुलगी आहे. तिचा हात हलका आहे. पण गुलाबी नळी चिमणीच्या शिरेत घालणं म्हणजे अंगठीत मनगट घालण्यासारखं आहे. हलक्या हाताने काय होणार?

डॉक्टर आले. त्यांनी दोन्ही हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले की संध्याकाळच्या औषधाच्या आत हातावर शीर मिळाली नाही, तर मानेतून मोठी नळी घालावी लागेल. तिच्या वयात आणि तापात त्याला धोका आहे, पण औषध चुकवण्यात जास्त आहे.

डॉक्टर गेल्यावर चिमणी म्हणाली, "मानेतून नको गं." एवढंच म्हणाली.

मी रुग्णालयासमोरच्या चौकातल्या वैद्यकीय साहित्याच्या दुकानात गेले. निळ्या कॅन्युलांचा एकच डबा शिल्लक होता. पाकिटं फाटलेली किंवा दमट नाहीत, मुदत संपलेली नाही, हे उजेडात धरून पाहिलं. थोड्या पिवळ्या घेतल्या, पारदर्शक पट्ट्या आणि स्पिरिटचे बोळे घेतले. सगळं हँडबॅगेत ठेवलं आणि परत आले.

दारात पाटी आहे: बाहेरील खाद्यपदार्थ व वैद्यकीय साहित्य आत आणण्यास मनाई आहे. रखवालदाराने विचारलं, "बॅगेत काय आहे, मावशी?"

मी म्हटलं, "सुया."

तो हसला आणि म्हणाला, "स्वेटर विणताय वाटतं." त्याने सोडलं. त्याचा यात काही दोष नाही, हे नोंदवावं.

वॉर्डात शिरताना पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांच्या सलाईनची नळी लाल दिसली. बाटली झबल्याखाली केव्हाच रिकामी झाली होती आणि रक्त उलटं नळीत चढलं होतं. आजोबा झालरीकडे बघत शांत पडून होते. मी सिस्टरला हाक मारली, तिने त्यांचं बघितलं. मग मी त्या वॉर्डातल्या सगळ्या बाटल्यांची झबली काढली. हे मी केलं, नाकारत नाही. झबली घडी करून बॅगेत ठेवली. फेकली नाहीत, कारण शिवण चांगली होती.

सिस्टरने हात धुतले, निळ्या कॅन्युलाचं पाकीट हातात घेतलं, रबरी पट्टी चिमणीच्या दंडाला बांधली. मी फक्त हात धरणार होते. नोकरीवर नसताना मी कुणाला सुई लावत नाही. तेवढ्यात व्यवस्थापक आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की एक आजी वॉर्डात कपडे उतरवते आहे. कुणाचे ते सांगितलं नव्हतं, म्हणून ते फार घाबरून आले होते.

"मॅडम, हे काय? पाहुण्यांना बाटल्या दिसताहेत!"

"त्यांना नाही, सिस्टरला दिसायला हव्यात."

"आणि हा निळा माल कुठून आला? बाहेरचं चालत नाही आपल्याकडे. उद्या कुणी बाहेरून सूप आणेल."

"सूप शिरेतून देत नाहीत, साहेब."

खाटेवरून चिमणी म्हणाली, "देऊन बघा, गुलाबी असेल तर."

बाकीचे पाहुणे हसले. व्यवस्थापकांना पाहुणे हसलेले आवडतात, पण असे नाही. त्यांनी पोलिसांना बोलावलं. दोन शिपाई आले, सिस्टरच्या हातातलं पाकीट आणि माझी बॅग घेतली, मला जीपमध्ये बसवलं. दंडाची रबरी पट्टी सोडायला मी जाताना ओरडून सांगितलं. सोडली असेल, सिस्टर विसरणारी नाही. चिमणीने शाळेतल्यासारखा हात वर केला, तासाला परवानगी मागतात तसा.

माझ्यावर आरोप असे सांगण्यात आले: टोकदार वस्तू लपवून आत आणणे, रुग्णालयाची सजावट उतरवणे, पाहुण्यांमध्ये हशा पिकवून शांतता भंग करणे.

या ठिकाणी जबाब थोडा वेळ थांबला, कारण हवालदारांना जप्त केलेल्या मालाचं वर्णन लिहायचं होतं. त्यासाठी डबा उघडायचा असं ते म्हणाले. मी सांगितलं, "डबा उघडा, पण पाकिटं फाडू नका. फाडलंत की ते निर्जंतुक राहत नाही, टाकून द्यावं लागतं."

"बाई, आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी 'सुई' कसं लिहू? उद्या कोर्टात आत पेन्सिल निघाली तर?"

त्यांनी एक पाकीट फाडलं, टोपण ओढलं आणि सुई स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटात घातली. माल सुईच आहे, हे त्यांच्या ओरडण्यावरून पंचनाम्याला बोलावलेल्या पंचांना पटलं. मी त्यांना नळाखाली साबणाने बोट धुवायला लावलं. सुई कोरी होती, त्यामुळे काळजीचं कारण नाही, हेही सांगितलं. उघडी सुई टाकायला जाड डबा मागितला. टेबलाखालच्या कागदांच्या टोपलीत टाकू दिली नाही, कारण ती टोपली सकाळी झाडणारी बाई हाताने उपसते. शेवटी साहेबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा केला. बिस्किटं पंचांनी संपवली.

बोटाला पट्टी बांधल्यामुळे हवालदारांना लिहिता येत नाही. इथून पुढचा जबाब मी स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. ते समोर बसून बघत आहेत. ते म्हणाले, "अक्षर छान आहे हो सिस्टर." मी म्हटलं, "मारून शिकवलंय."

मग साहेब आले. त्यांना मी डबा परत मागितला. संध्याकाळच्या औषधाची वेळ जवळ येते आहे, हे सांगितलं.

साहेब म्हणाले, "माल जप्त आहे. लाखेचं सील लागणार, मग प्रयोगशाळेत जाणार. हे हत्यार आहे की नाही, ते तिकडून लेखी यायला हवं."

"किती दिवसांत येतं?"

"मागच्या वर्षी एक चमचा पाठवलाय. अजून त्यांचं ठरायचंय."

"साहेब, तोवर ती थांबणार नाही."

"माझ्या हातात काय आहे?"

त्यांच्या हातात डबा होता. मी ते सांगितलं नाही. त्यांचं त्यांना दिसलं. त्यांनी तो टेबलावर ठेवला, पण माझ्यापासून लांब.

तेवढ्यात व्यवस्थापक त्यांचा जबाब द्यायला आले. येताना माझ्यासाठी छोटा गुच्छ आणला होता. मनापासून आणला होता, हे मी इथे लिहिते. सोबत नमुना म्हणून त्यांची गुलाबी कॅन्युलाही आणली होती, 'रुग्णालयाचा अधिकृत माल' म्हणून दाखवायला. मी साहेबांना म्हटलं, हवालदारांनी फाडलेली निळी नाहीतरी वाया गेली आहे. बिस्किटाच्या डब्यातून चिमट्याने काढा, एक गुलाबीही फोडा आणि दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा.

ठेवल्या. हवालदार आपल्या बोटाकडे बघून म्हणाले, "बरं झालं, मी निळीच फोडली."

व्यवस्थापक वाकून बघत होते. "पण हिच्यावर वीस लिहिलंय."

"हो."

"मग ही जाड कशी?"

"मी बैठकीत तेच सांगत होते. तुम्ही चहा मागवलात."

ते खुर्चीवर बसले. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. रुमाल गुलाबी होता. मग त्यांनी फार हळू आवाजात विचारलं, "त्या आजींना... तुमच्या मैत्रिणीला... किती वेळा टोचलं?"

मी सांगितलं. आकडा इथे लिहीत नाही. त्यांनी ऐकला आहे, तेवढा पुरे.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "आमची हरकत नाही, साहेब. जाऊ दे डबा. फक्त मागच्या दाराने न्यावा, पाहुण्यांना दिसणार नाही असा." आणि माझ्याकडे वळून, अगदी आशेने, "मॅडम, निळ्या जाडीची, पण रंगाने गुलाबी अशी मिळत नाही का कुठे?"

मला हसू येत होतं आणि दुसरंही काही येत होतं.

साहेब म्हणाले, फिर्यादीची हरकत नसेल तर माल ताब्यात देता येईल, पण कोणती वस्तू कुणाला द्यायची ते जबाबात आलं पाहिजे आणि खाली सही पाहिजे. मी सांगितलं, लिहिते. पण सही डबा ठाण्याच्या दाराबाहेर पडला की करीन. साहेब म्हणाले, असा नियम नाही. मी म्हटलं, त्याविरुद्धही नाही. हवालदारांनी पट्टी बांधलेल्या बोटाने मला मूक दुजोरा दिला.

तर वस्तू पुढीलप्रमाणे द्याव्यात.

निळ्या कॅन्युलांचा डबा, न फोडलेल्या सगळ्या पाकिटांसह, लांब वेणीच्या सिस्टरच्या हातात द्यावा. दुसऱ्या कुणाच्या हातात नाही, स्टोअरमध्ये तर नाहीच. पारदर्शक पट्ट्या आणि स्पिरिटचे बोळे तिलाच द्यावेत. तिला सांगावं की डावा हात, मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूची शीर बघ. कोपर आता वापरू नको. आधी कोमट पाण्याचं फडकं ठेव, शीर वर येईल. एका सुईने मिळाली नाही तर तीच पुन्हा आत सरकवू नकोस, नवी घे. पट्टीवर तारीख घाल. आणि चिमणीला मध्ये बोलू दे, ती बोलली की हात सैल सोडते.

पिवळ्या त्याच वॉर्डात राहू द्याव्यात. निळी नाही लागली, तर तिला पिवळी.

झबली व्यवस्थापकांना परत द्यावीत. घडी मोडू नये. बाळंतपणाच्या विभागात दिली तर बाळांना होतील, असं मी सुचवते.

उघडलेली गुलाबी आणि उघडलेली निळी, दोन्ही बाटलीत बंद करून मोठ्या सर्जनांकडे पोचवाव्यात. त्यांच्या थिएटरात नवे दिवे लागले की त्यांनी त्या उजेडात एकदा बघाव्यात.

बिस्किटांचा डबा साहेबांना परत मिळणार नाही. त्यात सुई गेली आहे. सुयांचा जाड डबा ठाण्यात असलेला बरा, तो राहू द्यावा.

गुच्छ मी ठेवून घेते.

माझ्या हँडबॅगेत एक मलमलीचा रुमाल आहे. तो जप्तीत धरू नये. त्याला भोकं आहेत ती जुनी आहेत, या प्रकरणातली नाहीत. तो डब्यासोबत पाठवावा आणि पेशंटच्या उशाशी ठेवावा. निरोप द्यायची गरज नाही. तिला कळेल.

वरचा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शाळेच्या भागात त्यांना घाई करावीशी वाटली नाही. तो मी सांगितल्याप्रमाणे आणि मी लिहिल्याप्रमाणे आहे. फक्त व्यवस्थापकांच्या रुमालाचं वाक्य काढावं असं साहेबांचं मत पडलं, ते मी काढलेलं नाही. बाकी बरोबर आहे.

डबा घेऊन शिपाई मोटरसायकलवर बसले. मी खिडकीतून पाहिलं. चौकातून वळले.

सही केली.

– मोठ्या सिस्टर